फोटोखालच्या दोन ओळी

विनय खोटं बोलत होता, आणि तेही इंग्रजीत, म्हणजे आईला कळायला नको.

द्वारकाबाईंच्या तोंडात तीन सेफ्टी पिना होत्या. चौथी त्या नातीच्या खांद्यावर, ओढणीच्या घड्यांत खुपसत होत्या. पिना नसत्या तर त्या तिथूनच ओरडल्या असत्या. दहा पावलांवर, लाल झालेल्या मेपलखाली, त्यांचा मुलगा त्या कॅमेरावाल्या देवांगला हातवारे करून काहीतरी सांगत होता. त्यातले ‘किंग’ आणि ‘पॅलेस’ हे दोन शब्द त्यांनी बरोबर वेचले. शाळा चौथीतच सुटली असली, तरी अमेरिकेत, एडिसनात नऊ वर्षं काढल्यावर एवढं कळत होतं. शिवाय विनय खोटं बोलताना मान डावीकडे कलती करतो, हे ओळखायला कुठलीच भाषा लागत नव्हती.

“आजी, टोचतंय.”

“टोचू दे. सरळ उभी राहा.” त्या पिना धरलेल्या ओठांतूनच म्हणाल्या, मग उरलेल्या तळहातावर काढल्या. “तुझा बाप काय सांगतोय त्या माणसाला?”

“आय डोन्ट नो. कॅप्शनचं असेल.”

“म्हणजे?”

“फोटोखाली लिहितात ना, दोन लाइन्स. सगळ्यांच्या आहेत.” उर्वी सोळा वर्षांची होती आणि आज सकाळपासून तिला प्रत्येक गोष्टीचा कंटाळा आला होता. “माझी बाबांनी लिहिलीय.”

हा सगळा घाट पद्मजाताईंचा होता. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी गाण्याचा आणि तबल्याचा क्लास भरे. नोव्हेंबरात वार्षिक कार्यक्रम असे, त्याची पुस्तिका छापली जाई, आणि पुस्तिकेसाठी मुलांचे फोटो काढले जात. एरवी मुलं ओळीत उभी राहून दात दाखवत आणि पाच मिनिटांत काम संपे. यंदा पद्मजाताईंनी विषय काढला होता, ‘वारसा’. प्रत्येक मुलाने घरातली एखादी जुनी वस्तू आणायची, जमलं तर घरातलं वडीलधारं माणूस आणायचं, आणि आपल्या पूर्वजांबद्दल दोन ओळी द्यायच्या. पाचशे पुस्तिका निघणार होत्या, आणि हॉलच्या दारात हेच फोटो माणसाएवढे मोठे करून लावणार होते.

म्हणून आज परसातल्या हिरवळीवर सतरंज्या, समया, पितळी तबकं आणि देवांगच्या दोन पांढऱ्या छत्र्या मांडल्या होत्या. अंतराने पणजीचा तंबोरा आणला होता. अनयने पणजोबांची काळी टोपी घातली होती. ती घसरून त्याच्या भुवयांवर टेकली होती.

“ह्याच्या पणजोबांचं डोकं केवढं होतं,” द्वारकाबाई म्हणाल्या, “आणि ह्याच्यात त्यातलं किती आलंय, ते फोटोत दिसेलच.”

उर्वीला हसू आलं. तेवढ्यात पद्मजाताई लगबगीने आल्या. त्यांच्या एका हातावर जरीचा शेला होता, दुसऱ्या हातात मखमली डबी.

“आजी, तुमचाच नंबर आता. हा शेला खांद्यावर घ्या, ते स्वेटर काढून ठेवा. आणि ही नथ. खास तुमच्यासाठी आणलीय हं, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातनं.”

“माझं नाक टोचलेलं नाही.”

“ही दाबायची आहे. नुसती अडकवायची.”

“ज्या नाकात नथ कधी गेली नाही, त्याला आता बाहेरून कशाला लटकवता? नाकाला वाटेल, पाहुणी आली.”

पद्मजाताई हसल्या. क्लासातल्या सगळ्या आज्यांशी त्या असंच हसत. “अहो, जरा दरबारी लुक यायला हवा ना! विनयनं सांगितलं तेव्हा मी तर थक्क झाले. इतकी वर्षं तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. एवढी थोर परंपरा आणि एवढा साधेपणा.”

द्वारकाबाईंनी शेला हातात घेतला नाही. “कुठली परंपरा?”

पण पद्मजाताई वळून मागे कुणाला तरी हाक मारत होत्या. दोघा बापांनी मिळून एक पखवाज उचलून आणला. तो देवळातल्या भजनी मंडळाकडून मागून आणला होता, परत देताना सोबत पेढे द्यायचे होते, असं सगळं सांगत पद्मजाताईंनी तो उर्वीपुढच्या सतरंजीवर ठेवायला लावला. उर्वीचा तबला त्यांनी पायाने नव्हे, पण जवळजवळ तशाच घाईने बाजूला सरकवला.

“मला हे वाजवता येत नाही,” उर्वी म्हणाली.

“फोटोत आवाज येतो का? हात ठेव फक्त. आणि नजर जरा खाली, पणजोबांची आठवण आल्यासारखी.”

“आय नेव्हर मेट हिम.”

“म्हणूनच, बेटा.”

पद्मजाताई समई पेटवायला गेल्या. लाकडी घोडीवर एक मोठा कागद लावला होता. त्यावर सगळ्या मुलांच्या ओळी एकाखाली एक छापल्या होत्या. द्वारकाबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मराठी त्या बोट फिरवत वाचत, इंग्रजीत फक्त औषधाच्या बाटल्यांवरचे आकडे.

“इकडे ये. तुझं काय लिहिलंय, वाच.”

उर्वी आली. तिने एकदा इंग्रजीत भरभर वाचलं, मग आजीकडे बघून मराठीत जुळवायला लागली. “माझे ग्रेट-ग्रँडफादर, पंडित केशवराव, हे राजाच्या दरबारात पखवाज वाजवायचे. संगीत आमच्या... ब्लडमध्ये आहे. रक्तात.”

“कोण?”

“केशवराव. तुझे बाबा ना?”

द्वारकाबाईंनी कागदाकडे पाहिलं. त्यातली कुठली अक्षरं म्हणजे त्यांचा बाप, हे त्यांना ओळखता येत नव्हतं.

त्यांच्या बापाचं नाव केरबा होतं. त्याला राव कुणी म्हटलं नव्हतं, पंडित तर सोडाच. गाव त्याला ‘ए केऱ्या’ म्हणून हाक मारी. केरबा हलगी वाजवायचा. लग्नात वऱ्हाडापुढे चालत वाजवायचा, बेंदराला बैलांपुढे वाजवायचा, आणि कुणी मेलं की तिरडीपुढेही वाजवायचा. पंगती उठल्यावर मांडवाबाहेर बसून जेवायचा. थंडीत हलगीचं कातडं सैल पडे. मग द्वारका काटक्या, पाचट गोळा करून जाळ करी, आणि तो हलगी त्या धगीवर फिरवून, मधूनच बोटाने टिचकी मारून ऐकत राही. सूर चढला की म्हणायचा, “आली बघ.” जणू कुणी पाहुणी दारात आली होती. घरात एवढ्या मानाने त्याने दुसऱ्या कशालाच बोलावलं नव्हतं.

त्याचा फोटो नव्हता. एकही नाही. जगात कुठल्या कागदावर त्याचं नाव असेल तर ते मतदारयादीत असेल. आता पहिल्यांदा ते कुठेतरी छापलं जाणार होतं, आणि त्या जागेवर केशवराव नावाचा कुणी भलताच माणूस येऊन बसला होता.

“विनय!”

ती हाक ऐकून देवांगने कॅमेरा खाली घेतला.

“गॅरेजमध्ये ये.”

गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्या, बर्फ ओढायची फावडी आणि सगळ्या पाहुण्यांचे बूट होते. विनय आत आला आणि त्याने दार अर्धवट ओढून घेतलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. कंपनीत त्याच्या हाताखाली तीस जण होते.

“केशवराव कोण?”

“आई, हळू.”

“हळू का? पंडितांचा विषय आहे.”

“अगं, केरबा म्हटलं की... छापायला जरा ऑड वाटतं. जुनाट.”

“वारसा मागितलाय ना त्या बाईनं? मग जुनाटच पाहिजे. नवा कुठून आणणार होतास?”

विनयने कपाळावरून हात फिरवला. “हे बघ, उर्वीचं कॉलेजचं वर्ष आलंय. तिच्या अर्जात संगीत हीच मोठी गोष्ट आहे. निबंधात ती हेच लिहिणार आहे, घराण्याचं वगैरे. पुस्तिका जोडता येते सोबत. कुणाचं काही वाईट होत नाही त्यात.”

“आणि दरबार? कुठल्या राजानं बोलावलं होतं माझ्या बापाला? पाटलाच्या ओसरीला हात लावायची सोय नव्हती त्याला. दरबार कुठून काढलास तू?”

विनयने रांगेतला एक वाकडा बूट पायाने सरळ केला.

“दरबार तू काढलास, आई.”

“मी?”

“सांगलीत. मी तिसरीत होतो. खोली बघायला गेलो होतो आपण तिघं. तुझा पदर धरून उभा होतो मी.”

द्वारकाबाईंनी स्वेटरचं वरचं बटण काढलं आणि परत लावलं.

नवरा साखर कारखान्यात लागला होता. शाळा जवळ पडेल अशी खोली शोधत ते वणवण फिरत होते. सहा घरं झाली होती. सहाही ठिकाणी आधी आडनाव विचारलं गेलं, मग गाव, मग खोली नुकतीच गेल्याचं सांगितलं गेलं. सातव्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी निवडण घेऊन बसली होती. तिने आडनाव विचारलं नाही. सुपातून मान न उचलता विचारलं, “माहेरी काय करतात तुमच्या?” आणि द्वारकाबाईंच्या तोंडून निघून गेलं, वडील संस्थानच्या दरबारात पखवाज वाजवायचे. पखवाज त्यांनी एकदा कीर्तनात लांबून पाहिला होता. म्हातारीने सूप खाली ठेवलं. कीर्तनाची वेडी होती ती. चहा टाकला, मुलाच्या हातावर वडी ठेवली, आणि किल्ली दिली.

“घरी आल्यावर तू मला दहा वेळा म्हणायला लावलंस,” विनय म्हणाला. “दरबार, पखवाज. शाळेत कुणी विचारलं तर हेच सांगायचं. मी सांगत राहिलो.”

“तुला खरं वाटत होतं?”

“बारावीपर्यंत. मग मामानं सांगितलं.”

“आणि तू गप्प बसलास.”

“तू गप्प होतीस. मला वाटलं, तुला हेच बरं वाटतं. तुझा मान आहे त्यात.” त्याचा आवाज खाली आला होता आणि आता मान सरळ होती. “इतकी वर्षं मी तेच सांभाळत आलो, आई.”

बाहेरून पद्मजाताईंचा आवाज आला. “आजी! चला, ऊन उतरतंय!”

“मी दरबार म्हणाले होते,” त्या शेवटी म्हणाल्या. “केशवराव म्हणाले नव्हते.”

विनयने दार उघडून धरलं.

सतरंजीवर उर्वी पखवाजामागे अवघडून बसली होती. तिचे हात त्यावर असे ठेवलेले होते, जसे दुसऱ्याच्या बाळावर ठेवतात. द्वारकाबाई खाली बसल्या. गुडघ्याने कुरकुर केली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पखवाजाला हात लावून त्यांनी तो कपाळाला नेला.

“हा उचला इथून. देवळाचा आहे, देवळात जाऊ दे. उर्वे, तुझा तबला घे.”

“आजी, पण फ्रेम—” पद्मजाताई म्हणाल्या.

“फ्रेमचं तुम्ही बघा. ओळी मी सांगते. पेन कुणाकडे आहे?”

पेन उर्वीकडे होतं. आजच्या दिवसात पहिल्यांदाच ती चटकन उठली आणि कागदासमोर जाऊन उभी राहिली.

“केशवराव खोड. दरबार खोड. लिही, माझ्या आजीचे वडील केरबा. ते हलगी वाजवायचे. लग्नात वाजवायचे आणि मयतीलाही वाजवायचे.”

परसात कॉफीचे कप घेऊन उभी असलेली माणसं कपांत बघू लागली. अंतराची आई तंबोऱ्याची खोळ, जी घडी घातलेलीच होती, ती उलगडून पुन्हा घडी घालू लागली. अनयने टोपी भुवयांवरून वर ढकलली आणि देवांगला विचारलं, हलगी म्हणजे काय. देवांगला माहीत नव्हतं.

उर्वीने लिहिणं थांबवून मागे पाहिलं. “आजी, सीरियसली? दिस इज सो मच कूलर. हे तू कधी का नाही सांगितलंस?”

“कूल नव्हतं ते,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पायात चप्पल नसायची. लिही.”

पद्मजाताई आता हसत नव्हत्या, पण हसू अजून चेहऱ्यावर राहून गेलं होतं. त्या जवळ येऊन वाकल्या. “आजी, किती मोकळेपणानं सांगितलंत. खरंच. फक्त आपण असं करू या का, ‘लोककलावंत’ म्हणू या? आणि ते मयतीचं... ते राहू दे. कानाला बरं लागेल.”

“कुणाच्या?”

पद्मजाताईंनी आसपास पाहिलं. कुणाचाच कान पुढे आला नाही.

“मयतीला तो सगळ्यांत चांगला वाजवायचा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “रडणारी बाई गप होऊन ऐकायची. ते राहू दे नाही, तेच आधी लिही, उर्वे.”

विनय सतरंजीच्या कडेला येऊन उकिडवा बसला. चेहरा तांबडा झाला होता. तो अगदी हलक्या आवाजात बोलला. पण परसात उभ्या असलेल्या प्रत्येकाला मराठी येत होती.

“आई, झालं ना तुझ्या मनासारखं? आता बास कर. सगळ्यांसमोर मलाच खोटं पाडतेयस. सुरुवात कुणी केली होती?”

द्वारकाबाईंनी ओढणीतून निसटलेली एक पीन सतरंजीवरून उचलली, बंद केली, आणि मुठीत धरली. मग त्या बोलल्या, आणि आवाज खाली ठेवायची तसदी घेतली नाही.

“मी केली. मला एक खोली पाहिजे होती. त्या खोलीपायी अकरा वर्षं माझा बाप माझ्या घरी आला नाही. बाजाराच्या दिवशी यायचा, एसटी स्टँडच्या बाकावर बसायचा. मी तुला तिथं घेऊन जायचे, तुझ्या हातावर तो शेंगदाण्याचा पुडा ठेवायचा, आणि परतीच्या गाडीत बसायचा. कधी म्हणाला नाही, घर दाखव. त्याला आत घेतलं असतं, तर आपण सगळेच रस्त्यावर आलो असतो. तुला इथं कोण बाहेर काढणार होतं, विनय? घर तुझ्या नावावर आहे. चार खोल्या आहेत, एकीत नुसती सायकल उभी आहे. मी त्याला स्टँडवर बसवलं, ते माझं पाप, ते मी घेऊन जाईन. पण त्याचं नाव मी त्याच्यापाशी राहू दिलं होतं. तू तेवढंही ठेवलं नाहीस.”